ओटीपी आलाच नाही, तरी पेज गेलं कसं? (ट्रोजनचा अनुभव आणि शंका)

पाटीपेन्सिल

मंडळी, नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर '+१' टाकून गप्प बसणारा माणूस. आज गरज पडली म्हणून स्वतःचा धागा काढतोय.

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि मदतीला भाचा. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने आणलेली फाइल आमच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडेना. भाच्याने नवं व्हर्जन 'शोधून' काढलं. कुठून ते ओळखलंच असेल. यूट्यूबवर व्हिडिओ, खाली लिंक, झिप फाइल, पासवर्ड १२३४. आत सेटअप आणि एक टेक्स्ट फाइल : 'आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो.' याने बंद केला. सेटअपवर डबल क्लिक केलं, काळी खिडकी क्षणभर चमकली आणि गेली. सॉफ्टवेअर काही आलं नाही. "लिंक गंडलीय मामा," म्हणाला, आणि आम्ही दोघं जेवायला गेलो.

हे मंगळवारी दुपारी. बुधवारी सकाळी उठून बघतो तर दुकानाच्या फेसबुक पेजवर माझ्या नावाने 'चोवीस तासांत पैसे दुप्पट' अशी क्रिप्टोची जाहिरात. जीमेलचा रिकव्हरी नंबर बदललेला. मेव्हण्याचा फोन, "काय हो, पत्रिका छापायच्या बंद करून नोटा छापताय का?"

आता माझ्या शंका. टू-स्टेप चालू होतं. ओटीपी आला नाही, मी कुणाला दिला नाही. पासवर्ड मला आणि भाच्यालाच माहीत. मग आत शिरले कसे? दुसरं, कॉम्प्युटर जरासुद्धा स्लो झालेला नाही. अँटिव्हायरस चालू करून पूर्ण स्कॅन मारला. तीन तासांनी उत्तर : धोके शून्य. ट्रोजन म्हणतात तो हाच का? आणि हाच असेल तर गेला कुठे?

खडूस_पुणेकर

चोरीचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि चोर आला म्हणून रडायचं. चालू द्या.

जुना_मोडेम

खडूसराव, तुमचं खरं आहे, पण आग लागल्यावर काडीपेटीवर प्रवचन नको. पाटीपेन्सिल, आधी एक करा : त्या मशीनची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पुढचं मोबाइलवर वाचा.

काढली? आता ओटीपीचं कोडं.

वॉटर पार्कात तिकीट दाखवलं की मनगटाला कागदी पट्टा बांधतात. मग दिवसभर आत-बाहेर करा, तिकीट कुणी विचारत नाही, पट्टा बघतात. फेसबुक-जीमेलचंही तसंच. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन एकदा आत गेलात की साइट तुमच्या ब्राउझरला एक पट्टा बांधते. त्याला सेशन कुकी म्हणतात. म्हणून तर तुम्हाला रोज सकाळी लॉगिन करावं लागत नाही. तुमच्या भाच्याने जे चालवलं त्याने हे सगळे पट्टे उचलून नेले, सोबत ब्राउझरमध्ये 'सेव्ह' केलेले पासवर्डही. चोराने ते आपल्या ब्राउझरला बांधले. फेसबुकच्या लेखी तो नवीन माणूस नाही, तुम्हीच आहात. मग ओटीपी कशाला येईल?

या जातीला इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, रॅकून, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या कॅनडातल्या प्रचंड मोठ्या यूट्यूब चॅनलवरही असंच क्रिप्टोचं दुकान लागलं होतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने प्रायोजकाची ऑफर समजून मेलमधली 'पीडीएफ' उघडली होती. तिथेही पासवर्ड फुटला नव्हता, पट्टा गेला होता. दिवसभर कॉम्प्युटर उघडणारी माणसं फसतात तिथे तुमचा भाचा कुठे.

ब्राउझरवाले स्वस्थ बसलेत असं नाही. क्रोमने २०२४ मध्ये या कुकीजना आणखी एक कुलूप घातलं. काही आठवड्यांतच स्टीलरवाल्यांनी वाटा शोधल्या. अडचण मुळातली आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलेला प्रोग्राम तुमच्या हक्काने चालतो. तुम्हाला जे वाचता येतं ते त्यालाही वाचता येतं.

आणि स्कॅन शून्य का? कारण काम मिनिटभराचं. आला, गोळा केलं, एका गठ्ठ्यात बांधून पाठवलं, स्वतःला पुसलं. मशीन स्लो होईल कशाने?

भिंगरी

बापरे. माझ्या ब्राउझरमध्ये तर सगळ्या जगाचे पासवर्ड सेव्ह आहेत. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न : व्हायरस आणि ट्रोजन एकच ना?

शब्दकुटार

भिंगरीताई, नाही. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि तिच्यासोबत पसरतो. वर्म कुणाच्या मदतीशिवाय नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. ट्रोजन स्वतःहून कुठेच जात नाही. तो काहीतरी हवंसं रूप घेऊन दाराशी उभा राहतो आणि तुम्ही त्याला 'या, बसा' म्हणता. नाव अर्थात ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून. कॉम्प्युटरच्या संदर्भात ते अमेरिकन हवाई दलाच्या १९७४ च्या एका सुरक्षा अहवालात आढळतं, म्हणजे शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा आहे.

खरं तर ग्रीसपर्यंत जायची गरज नव्हती. १६६३ मध्ये शायिस्ताखान लाल महालात मुक्काम ठोकून होता, तेव्हा महाराजांची माणसं लग्नाच्या वरातीतून पुण्यात शिरली अशी कथा सांगतात. पहारेकऱ्यांनी परवानगी बघितली, वाजंत्री ऐकली, सोडलं आत.

खडूस_पुणेकर

महाराजांची उपमा मालवेअरला देऊ नये. संपादकांनी लक्ष घालावं.

शब्दकुटार

उपमा पहारेकऱ्यांना दिली आहे. पुन्हा वाचा.

जुना_मोडेम

वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या राव, लग्नपत्रिकावाल्याच्या धाग्यात वरात निघाली एवढं पुरे.

फक्त एक भर. आज नुसतं 'ट्रोजन' म्हटल्याने आत काय आहे ते कळत नाही. ते नुसतं यायच्या पद्धतीचं नाव. पेटाऱ्यात काहीही असू शकतं. कीलॉगर असेल तर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतो. रॅट असेल तर कुणीतरी दूर बसून तुमचा स्क्रीन आणि कॅमेरा बघतो. १९९८-९९ मध्ये नेटबस, बॅक ऑरिफिस, सबसेव्हन यांनी आमच्या सायबर कॅफेत धुमाकूळ घातला होता. पोरं मजा म्हणून शेजारच्या मशीनचा सीडी ट्रे उघडझाप करायची. बिचारा गिऱ्हाईक मशीनला भूत लागलं म्हणून पैसे देऊन उठायचा. कधी कधी आत नुसता 'लोडर' असतो. तो स्वतः काही चोरत नाही, दार किलकिलं ठेवतो आणि मालक सांगेल ते पुढे उतरवून घेतो. हे दार भाड्याने दिलं जातं, हो, अक्षरशः भाड्याने.

राईनकाठचा

लोडरवरून आठवलं. जर्मनीत राहतो. इथे २०१९ सालात लोकांनी 'एमोटेट' हे नाव हवामानाच्या बातमीइतकं ऐकलं. २०१४ मध्ये बँकेचे तपशील चोरणारा ट्रोजन म्हणून तो जन्मला, पुढे दुसऱ्यांचा माल पोचवणारा हमाल झाला. त्याची खुबी म्हणजे तो तुमच्या मेलबॉक्समधले जुने संवाद उचलायचा आणि त्याच संवादाला उत्तर म्हणून वर्डची फाइल पाठवायचा. विषय ओळखीचा, नाव ओळखीचं, खाली तुमचाच जुना मजकूर. फाइल उघडली की 'मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा'. दाबलं की मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडवलेला छोटा प्रोग्राम, चालला.

सप्टेंबर २०१९ मध्ये बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात तो शिरला आणि अख्खं न्यायालय नेटवर्कवरून तोडावं लागलं. त्याच डिसेंबरात गीसनच्या विद्यापीठाला मालवेअरने गाठलं, तेव्हा सुमारे ३८ हजार जणांना नवीन पासवर्ड घ्यायला ओळखपत्र घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. पासवर्ड कागदावर छापलेले! रेशनची रांग बघितलेल्या माणसाला हसावं की रडावं कळेना.

जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि २५ एप्रिलला त्याच्याच यंत्रणेतून 'स्वतःला काढून टाक' असा हुकूम धाडला. नोव्हेंबरात तो पुन्हा उगवला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. तेवढी दहा-वीस वर्षं आधी केली असती तर...

सनदी_सुमन

मी कोल्हापूरला सीए आहे, म्हणून जरा वेगळं विचारते. पाटीपेन्सिल दादा, पेज जाऊ दे, ते मिळेल. तुमच्या डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांचं काय काय होतं?

पाटीपेन्सिल

ताई, हा प्रश्न रात्रीपासून मला खातोय आणि कुणी विचारू नये असं वाटत होतं.

पत्रिकांच्या फाइली तर होत्याच. पण लोक झेरॉक्स आणि लॅमिनेशनसाठी व्हॉट्सॲपवर आधार कार्ड पाठवतात. पॅन, रेशन कार्ड, सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रिंट मारली की फाइल तिथेच पडते. 'आधार नवीन' नावाचं फोल्डर दोन वर्षांचं आहे. मोजायची हिंमत झाली नाही.

सनदी_सुमन

म्हणूनच विचारलं. बरेच स्टीलर कुकीजवर थांबत नाहीत. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या ठरावीक प्रकारच्या फाइली शोधून तेही सोबत नेतात. नेलंच असेल असं नाही, पण नेलं नाही असं धरून चालता येणार नाही. ज्यांची कागदं तिथे होती त्यांना कळवा. लाज वाटेल, दोन गिऱ्हाइकं तुटतील. तरी कळवा. आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, तेही सांगा. आणि यापुढे प्रिंट झाली की फाइल डिलीट, रीसायकल बिनमधूनही. आमच्या ऑफिसात मी ही सवय आर्टिकलच्या (सीएचं शिकाऊ काम करणाऱ्या) पोरांना लावायला सहा महिने घालवलेत.

असं सोंग घेऊन आलेलं प्रकरण तर आमच्याकडेही झालं होतं. मार्च महिन्यात एका क्लायंटने टॅलीचा बॅकअप म्हणून पेनड्राइव्ह दिला, त्यात 'बॅलन्सशीट.पीडीएफ.ईएक्सई'. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम, पण विंडोज नावाचं हे शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे दिसायला नुसती पीडीएफ, चिन्हसुद्धा पीडीएफचं. त्या दिवसापासून सगळ्या मशीनवर फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू केलंय. फुकटचा आणि आजवरचा सगळ्यात उपयोगी उपाय.

निवृत्त_कॅशियर

पाटीपेन्सिल, दुकानाचं करंट अकाउंट त्याच कॉम्प्युटरवरून चालवत होतात का? असाल तर आत्ता, वेगळ्या फोनवरून, बँकेला कळवून नेटबँकिंग बंद करा. मी सहकारी बँकेत तीस वर्षं काढली. लोक म्हणतात, 'पान तर बँकेचंच होतं हो, वर पत्त्याशेजारी कुलूपाचं चिन्हही होतं.' असणारच. २००७ मध्ये आलेला झ्यूस नावाचा ट्रोजन बँकेचं खोटं पान बनवतच नसे. तो ब्राउझरच्या आत बसायचा. खरंच पान, खरंच कुलूप, फक्त स्क्रीनवर दिसताना त्यात एक जादा रकाना : 'सुरक्षेसाठी एटीएम पिन टाका'. रकाना बँकेचा नसून ट्रोजनचा. कुलूप फक्त रस्त्याची हमी देतं, घरात बसलेल्या चोराची नाही. त्याच घराण्यातल्या गेमओव्हर झ्यूसच्या सूत्रधारासाठी अमेरिकन सरकारने ३० लाख डॉलरचं इनाम लावलं. तो रशियात आहे असं म्हणतात, इनाम अजून तसंच पडून आहे.

आणि हे फक्त दुकानदारांचं नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ आठवा. ११ तारखेला, शनिवारी, दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांवर पैसे निघाले. भारतातही निघाले, आमच्या कोल्हापुरातून सुद्धा. सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर. एटीएम पैसे देताना बँकेच्या स्विचला विचारतं, 'देऊ का?' मालवेअरने मध्ये खोटा स्विच उभा केला आणि तोच सगळ्यांना 'दे' म्हणत राहिला. खऱ्या खात्यांपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. याच पद्धतीच्या चोऱ्यांत सापडलेल्या मालवेअरला सिमँटेक या सुरक्षा कंपनीने त्याच वर्षी नाव दिलं : ट्रोजन.फास्टकॅश. ती बातमी वाचताना मी निवृत्त होतो, तरी पोटात गोळा आला होता.

आंबोळी

माझ्या सासऱ्यांना 'आरटीओ चलान.एपीके' आलं होतं व्हॉट्सॲपवर. गाडी विकून चार वर्षं झाली, तरी उघडत होते! हाही ट्रोजनच का?

जुना_मोडेम

हो, मोबाइलवरचा. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल. एसएमएस वाचायची परवानगी मागतो, मिळाली की ओटीपी परस्पर पुढे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 'ड्रिनिक'बद्दल सावध केलं होतं, तो प्राप्तिकराचा परतावा देतो म्हणून यायचा आणि २७ बँकांच्या ग्राहकांमागे होता. हल्ली तर लग्नपत्रिकेच्या नावानेही एपीके येतात. पाटीपेन्सिल, तुमच्या धंद्यावरच घाला. पण फोनचा वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे गुंता होईल.

सफरचंदी

म्हणून मॅक घ्यावा. विषय संपला.

राईनकाठचा

२०१२ मध्ये फ्लॅशबॅकने सुमारे सहा लाख मॅक धरले होते. आधी तो फ्लॅश प्लेअरचा इन्स्टॉलर म्हणून यायचा, मग जावा या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून.

पेंग्विनदादा

लिनक्सवाला बोलतोय, पण फुशारकी नाही मारणार. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची अधिकृत वेबसाइटच हॅक झाली आणि एक दिवस लोकांनी मागचं दार असलेली आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टम टाकायची फाइल, उतरवली. आणि २०१७ मध्ये सीसीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मालवेअर निघालं, २२ लाखांवर मशीनवर गेलं, कंपनीची डिजिटल सही शाबूत. म्हणजे खडूसराव, चोरीचं न वापरणारेही त्यात होते.

खडूस_पुणेकर

ते अपवाद. यूट्यूबखालची लिंक हा नियम.

पेंग्विनदादा

हे मात्र मान्य. दोन्ही एका पारड्यात घालत नाही.

पाटीपेन्सिल

खडूसराव, तुमच्या बोलण्याचा राग नाही. पण पत्रिकेमागे डिझाइनचे मला जे सुटतात त्यात वर्षाची वर्गणी काढणं जमत नाही म्हणून जुनं व्हर्जन पुरवत होतो. पेंग्विनदादा, इंकस्केप या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं नीट येतात का? माझे निम्मे फॉन्ट जुन्या पद्धतीचे आहेत.

पेंग्विनदादा

युनिकोड फॉन्ट घेतलेत तर व्यवस्थित. जुने फॉन्ट असतील तर मजकूर रूपांतर करून घ्यावा लागेल, तो एकदाचा त्रास आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

टकाटक

एवढा पसारा कशाला? अजून एक चांगला अँटिव्हायरस टाका, साफ करा, झालं. फॉरमॅट म्हणजे डोकेदुखी.

जुना_मोडेम

टकाटक, स्टीलर एकटाच आला असता तर कदाचित मानलं असतं. पाटीपेन्सिल, फॉरमॅटच्या आधी एक बघाल? इंटरनेट बंदच ठेवा. टास्क शेड्युलर उघडा, ठरल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम त्यात असतात. डावीकडे लायब्ररी, मग यादीत असं काही दिसतं का की जे 'ॲपडेटा' फोल्डरातून चालतं आणि तुम्ही टाकलेलं नाही?

पाटीपेन्सिल

आहे. नाव 'सिस्टम अपडेट हेल्पर'. दर तासाला चालतं. तयार झाल्याची तारीख मंगळवार, दुपारी १ वाजून ५२ मिनिटं. तेव्हा आम्ही शेजारच्या खानावळीत झुणका खात होतो.

जुना_मोडेम

बघा. चोर गेला, पण खिडकीची कडी काढून गेला. हा तो भाड्याने द्यायचा लोडर. आज कुकीज नेल्या, उद्या तुमच्या मशीनवर कुणी क्रिप्टो खणेल किंवा सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागेल. खंडणीची चालही जुनीच. १९८९ मध्ये 'एड्सची माहिती' म्हणून वीस हजारांच्या आसपास फ्लॉप्या टपालाने वाटल्या होत्या. मशीन नव्वदएक वेळा चालू झालं की फाइलींची नावं गायब आणि पडद्यावर मागणी : १८९ डॉलर पनामाच्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. बिटकॉइनच्या जागी पोस्ट बॉक्स, बाकी तेच.

ही एक नोंद दिसली म्हणून ती पुसून मोकळे होऊ नका. न दिसलेल्या किती, हे त्या मशीनलाच विचारण्यात अर्थ नाही. कामाच्या फाइली, म्हणजे चित्रं, मजकूर, फॉन्ट, तेवढ्याच बाहेर काढा. कुठलाही सेटअप, कुठलीही ईएक्सई नको. विंडोजचा पेनड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवा आणि डिस्क पुसून नव्याने टाका. दुसऱ्या कॉम्प्युटरशी फोल्डर शेअर आहे ना? तोही तपासा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, आणि आधी जीमेल, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथे येतात. पासवर्ड बदलल्यावर 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' स्वतः दाबा. तोच पट्टा कापायचा असतो. नुसता पासवर्ड बदलून काही साइट जुना पट्टा चालू ठेवतात.

निवृत्त_कॅशियर

आणि पैसे गेले असोत-नसोत, १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. उद्या तुमच्या पेजवरच्या जाहिरातीने कुणी फसला तर तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

भिंगरी

मी आत्ता सगळीकडून लॉगआउट केलं. नेटफ्लिक्सवर अकोल्याच्या नणंदेचा टीव्ही पण बंद झाला. फोन आलाय, उचलत नाहीये.

पाटीपेन्सिल

नऊ दिवसांनी लिहितोय. दोन्ही मशीन पुसली. दुसऱ्यावर काही दिसलं नाही, पण जुना_मोडेम यांचं ऐकून तीही पुसली. लग्नसराईचे तीन दिवस गेले, दोन पत्रिका शेजारच्या दुकानदाराने छापून दिल्या. तक्रार नोंदवली. बँकेत काही हललेलं नाही. सुमनताई, फोल्डरमध्ये २१४ जणांची कागदं निघाली. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना मी आणि भाच्याने मिळून फोन केले. बहुतेकांनी 'बरं बरं' म्हटलं, एका आजोबांनी अर्धा तास झाडलं, आणि एक बाई म्हणाल्या, "आधीच आमचं आधार साऱ्या गावात फिरतंय, तुमचं काय घेऊन बसलात."

भाचा टेक्स्ट फाइल वाचायला शिकलाय. काल एका प्रिंटर ड्रायव्हरने कसलीशी परवानगी मागितली तर मला दुकानातून बाहेर बोलावून विचारलं, मामा, दाबू का?

पेज परवा परत मिळालं. त्या क्रिप्टोच्या जाहिरातीखाली सदतीस प्रतिक्रिया होत्या. छत्तीस शिव्या, आणि एकाने विचारलं होतं : 'दादा, शंभर पत्रिकांचा रेट काय?' त्याला उत्तर दिलंय.